झिनफँडेल वाइन आणि आपले घरचे जेवण

कापूस, तूर, सोयाबीन व संत्री ह्यांची चर्चा ज्या पृष्ठांवर नित्य होते, तेथे परदेशी नावाच्या एका द्राक्षमद्यावर लेख पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल, व काहींस तो विषय अप्रशस्तही वाटेल. परंतु जी वस्तू आपण होऊन घरात येऊ लागली आहे, तिच्याविषयी मौन धरल्याने ती परत जाते असा अनुभव नाही. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील मुले पुण्यास, नाशिकास नोकरीला असतात. दिवाळीस अथवा लग्नकार्यास येताना ती वाइनची एखादी बाटली आणतात व "काका, ही दारू नव्हे, द्राक्षाचा रस आहे" असे सांगतात. घरातील वडील मंडळी म्हणतात, की ही दारूच, उंबऱ्याच्या आत नको. ह्या दोन्ही मतांत थोडे सत्य व बरेच अज्ञान आहे. सबब ही वस्तू काय आहे, आपल्या भाकरीभाजीबरोबर ती कोठे जुळते व कोठे जुळत नाही, आणि तिचा हिशेब कसा मांडावा, हे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. कोणी ती घ्यावी असा उपदेश करण्याचा आमचा हेतू नाही.

झिनफँडेल हे काळ्या सालीच्या एका द्राक्षजातीचे नाव होय. तिच्या वाइनलाही तेच नाव आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतात ही जात इतकी रुळली, की ती तेथलीच असावी असा पुष्कळ दिवस समज होता. वस्तुतः 1820 ते 1830 च्या सुमारास व्हिएन्ना येथील बादशाही रोपवाटिकेतून ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गेली, व पुढे 1850 नंतरच्या दशकात, सोन्याच्या शोधार्थ कॅलिफोर्नियात लोकांची रीघ लागली त्या काळात, तिकडे पोहोचली. इटलीच्या दक्षिणेस 'प्रिमितिवो' नावाचे द्राक्ष होते. ते व हे एकच, असे कालांतराने आढळून आले. पण इटली हेही मूळ घर नव्हते. अखेर 2001 साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठाच्या प्राध्यापिका कॅरल मेरेडिथ आणि क्रोएशियाचे संशोधक इव्हान पेयिच व एदी मालेतिच ह्यांनी डीएनए तपासून सिद्ध केले, की क्रोएशियाच्या समुद्रकाठी कास्तेला येथील जुन्या मळ्यात सापडलेली वेल हीच झिनफँडेल होय. आमच्या महसुली भाषेत सांगावयाचे, तर मूळ सातबारा क्रोएशियात निघाला. बाकीचे सर्व फेरफार होत.

आपल्या राज्यात ही जात नाशिकास आली. गंगापूर धरणाजवळील घरच्या जमिनीवर श्री. राजीव सामंत ह्यांनी 1997 च्या सुमारास वाइनच्या द्राक्षांची लागवड केली, आणि 2000 साली त्यांच्या 'सुला' ह्या वायनरीची पहिली वाइन बाजारात आली. कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की हे त्यांचे सल्लागार होते. पुढे झिनफँडेलची लाल व गुलाबी अशी दोन्ही प्रकारची वाइन तेथे होऊ लागली. 2001 साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, त्यामुळे ह्या धंद्यास बळ मिळाले.

आता ही वाइन होते कशी, ते पाहू. द्राक्ष चिरडले म्हणजे त्यातील साखर किण्वाचे सूक्ष्म जीव खातात. निम्म्या साखरेचा वायू होऊन उडतो व निम्मीचे मद्यार्क बनते. आयुर्वेदातील द्राक्षासव धायटीची फुले घालून मुरवितात, तेथेही हीच क्रिया घडते. रसात लिटरमागे 17 ग्रॅम साखर असली, म्हणजे तिचे सुमारे 1 टक्का मद्यार्क होते. म्हणून 240 ग्रॅम साखरेच्या रसाची वाइन 14 टक्क्यांची भरते. झिनफँडेलची एक खोड अशी, की तिच्या एकाच घडात काही मणी हिरवे, काही पिकलेले व काही मनुक्यासारखे सुकलेले आढळतात. हिरवे मणी पिकण्याची वाट पाहावी, तो बाकीच्यांत साखर फार वाढते. म्हणून ही वाइन बहुधा कडक निघते. परदेशी ती 15 टक्क्यांचीही असते. साली रसात राहू दिल्या तर वाइन लाल व तुरट होते. काही तासांत काढून घेतल्या तर गुलाबी व हलकी होते. अमेरिकेत 1975 साली एका वायनरीत अशा फिकट रसाचे आंबणे मध्येच थांबले व थोडी साखर तशीच राहिली. ती किंचित गोड वाइन लोकांस इतकी आवडली, की तोच एक प्रकार होऊन बसला. हा गोडवा ध्यानात ठेवावा. मिरचीचा विषय निघेल तेव्हा त्याचे काम पडेल.

लाल झिनफँडेलची चव कशी, असे कोणी विचारल्यास पिकलेले जांभूळ, काळे मनुके व मागाहून मिऱ्याची झाक, एवढे सांगता येईल. जांभळाने जीभ जशी आखडते, तशी थोडी आखडते.

गेल्या हिवाळ्यात आमचे पुतणे नाशिकहून आले, तेव्हा त्यांनी एक लाल व एक गुलाबी अशा दोन बाटल्या आणल्या. वाइनबरोबर चीज व भाजलेले मांस खावे असे तिकडच्या लोकांनी लिहून ठेवले आहे. पण आमच्या घरी चीज नाही. घरात जे शिजते त्याच्याशीच तिची परीक्षा करावी असे ठरले. दोन संध्याकाळी थोडी थोडी वाइन घेऊन जे आढळले, ते कारणांसह पुढे देतो.

प्रथम तिखटाचा विचार करावा, कारण वऱ्हाडी जेवणात तोच मुख्य. जिभेवरील ज्या नसांना चटका कळतो, त्यांनाच मिरची डिवचते. आणि मद्यार्कही त्यांनाच डिवचते. तेव्हा झणझणीत पदार्थावर कडक लाल वाइन घेतली, तर आग विझण्याऐवजी दुप्पट होते. पाटवडीच्या तर्रीदार रश्श्यावर आम्ही लाल वाइनचा एक घोट घेतला आणि डोळ्यांस पाणी आले. वाइनची चव तर कळलीच नाही. त्याच रश्श्याबरोबर गार केलेली किंचित गोड गुलाबी वाइन पुष्कळ बरी लागली, कारण गोडवा व गारवा हे दोन्ही तिखटास मवाळ करतात. हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर मात्र कोणतीच वाइन घेऊ नये. ठेच्याला तेल व भाकर हाच उतारा. मिरचीचा तिखटपणा पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलातुपात विरघळतो, हे आपल्या आयाबायांना विज्ञानाच्या आधीपासून ठाऊक आहे.

लाल झिनफँडेल उत्तम जुळली ती वांग्याच्या भरिताशी. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास, कांद्याची पात, शेंगदाणे व वरून घातलेले कच्चे तेल, आणि सोबत ज्वारीची गरम भाकर. ह्यात मिरची बेताची असेल तर वाइनची फळाची चव स्पष्ट उठून येते. तुरीच्या ओल्या सोल्यांची वांगी घालून केलेली भाजीही तशीच चांगली लागते. तुरट द्रव्य अन्नातील प्रथिनांस चिकटते, त्यामुळे डाळीच्या किंवा मांसाच्या घासावर जीभ कमी आखडते, आणि मिठानेही कडवटपणा मावळतो. गोवरीच्या आरावर भाजून तुपात बुडविलेले रोडगे व वांग्याची भाजी हा बेतही तिला मानवतो; तूप जिभेवर पसरते आणि वाइनचा तुरटपणा ते धुऊन नेतो. ज्यांच्या घरी मटण होते, त्यांनी खसखस, भाजलेले खोबरे व मिरे घालून, मिरची हात राखून टाकल्यास ह्या वाइनला तो सर्वांत जवळचा सोबती होय.

न जुळणारे पदार्थही सांगितले पाहिजेत. अंबाडीची भाजी, चिंचेचे सार व ताकाची कढी हे आंबट पदार्थ वाइनहून अधिक आंबट असतात. त्यांच्यापुढे लाल झिनफँडेल मिळमिळीत, पाण्यासारखी होते. पुरणपोळीचे त्याच्या उलट आहे. पुरणाच्या गोडीपुढे कोरडी वाइन आंबट व कडू लागते. शिवाय पुरणपोळीचे ताट हे बहुधा नैवेद्याचे असते. त्या दिवशी त्या पंक्तीस मद्याचे काम नाही, हे चवीच्या आधी रीतीने ठरलेले आहे.

वऱ्हाडच्या हवेविषयीही सांगणे अवश्य आहे. लाल वाइन घरातल्या उष्णमानावर प्यावी असे युरोपात म्हणतात. तेथील जुन्या घरांचे उष्णमान 16 ते 18 अंश असे. अकोल्याच्या मे महिन्यात ते 45 अंशांवर जाते. त्या उष्णतेत वाइनचे मद्यार्क नाकात झोंबते व फळाची चव मरते. म्हणून लाल बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून काढावी. गुलाबी चांगली 8 ते 10 अंशांपर्यंत गार करावी. वीज नसल्यास ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी वाऱ्यावर ठेवावी. आपल्या कोरड्या हवेत लाल वाइनपुरता गारवा त्याने बराचसा साधतो. उन्हाळ्यात मोटारीत किंवा टिनाच्या खोलीत राहिलेली बाटली आतून शिजते व तिला शिजवलेल्या मुरंब्यासारखी चव येते. ती परत सुधारत नाही. बाटली उघडल्यावर हवेने आंबत जाते, तेव्हा बूच लावून फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावी. वाइन आंबट असल्याने तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ती कधीही ओतू नये. ताकाला जो नियम, तोच हिला. खास पेले आणण्याची गरज नाही. काचेचा साधा ग्लास निम्मा भरला म्हणजे वास घेण्यास जागा राहते.

आता हिशेब. 2022 च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य गावोगाव पोहोचले. विरोध झाल्याने निर्णय अमलात आला नाही, परंतु वाक्य मागे राहिले. ते खरे आहे काय, हे पाटीवर मांडून पाहावे. बाटली 750 मिलिलिटरची व वाइन 14 टक्क्यांची धरली, तर तिच्यात शुद्ध मद्यार्क 105 मिलिलिटर होते. देशी दारू 42.8 टक्क्यांची असते. तिच्या 180 मिलिलिटरच्या बाटलीत मद्यार्क 77 मिलिलिटर. म्हणजे एकट्याने वाइनची बाटली संपविणारा मनुष्य देशीची एक पाव पिणाऱ्यापेक्षा अधिक मद्य घेतो. 150 मिलिलिटरचा एक ग्लास हा देशीच्या सुमारे 50 मिलिलिटरबरोबर आहे. नाव, रंग व किंमत बदलल्याने यकृताला फरक कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1988 सालीच मद्यास कर्करोगकारक म्हटले आहे, आणि निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे त्या संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्ट केले. जेवणाबरोबर घेतल्याने मद्यार्क रक्तात सावकाश भिनते एवढे खरे. ते नाहीसे होत नाही.

हे आम्ही इतके निक्षून लिहितो त्यास कारण आहे. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात आम्ही पुष्कळ वर्षे फेरफारांच्या नकला लिहून दिल्या. नकलेत विकणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याचे असते, क्षेत्र व आकार असतो. विकण्याचे कारण त्यात नसते. ते कारण गावास माहीत असते. आमच्या एका थोरल्या चुलत बंधूंची अकरा एकर काळी जमीन नऊ वर्षांत चार नोंदींनी गेली, आणि चौथ्या नोंदीची नक्कल आमच्याच अक्षरात आहे.

वर सांगितलेल्या दुसऱ्या संध्याकाळी त्या बंधूंच्या पत्नी, आमच्या वहिनी, अचानक घरी आल्या. बाटली ताटांजवळ उभी होती. वहिनी काही बोलल्या नाहीत. "मी आत बसते" एवढेच म्हणून त्यांनी आपले ताट स्वयंपाकघरात नेले. आम्ही बाटलीस बूच लावले. पुतणे समजूतदार; त्यांनी ती उचलून आत ठेवली, व "काका, चुकलं" असे म्हणाले. त्यांची चूक नव्हती. चूक असेल तर ती आमची, कारण भाजीशी काय जुळते ह्याचा आम्ही दोन दिवस विचार केला, आणि पंक्तीस कोण बसणार ह्याचा केला नाही.

थोड्या वेळाने वहिनींनी फडताळातील वाळलेली लाल अंबाडीची बोंडे उकळून, गूळ व चिमूटभर मीठ घालून, पाणी गार करून सर्वांस दिले. रंग हुबेहूब गुलाबी वाइनचा. आंबट, गोड व गार हे तीनही गुण त्यात होते, आणि पाटवडीच्या रश्श्याबरोबर ते वाइनहून सरस लागले. तिखटाला उतारा म्हणून वाइनमध्ये जे आहे, ते मद्यार्क वगळून आपल्या बांधावरच्या झाडात मिळते. जो पीत नाही त्याच्यापुढे रिकामा पेला न ठेवता हे सरबत ठेवावे. त्याची पंक्ती उणी होत नाही.

कायद्याच्या दोन गोष्टी. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 अन्वये मद्य बाळगण्यास व पिण्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, आणि अनुज्ञप्तीविना घरी वाइन करणे हा अपराध आहे. घरची द्राक्षे किंवा संत्री आहेत म्हणून सवलत नाही. दुसरी अशी, की वर्धा नदीपलीकडील वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे. अमरावतीत रीतसर घेतलेली बाटली तिकडील व्याह्यांकडे भेट म्हणून नेल्यास भेटीऐवजी गुन्हा होईल.

शेवटी एक प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात येणारच, तो असा की, ही द्राक्षे वऱ्हाडात का लावू नयेत? नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आहे. अकोला त्याच्या निम्म्यानेच. नाशिकास हिवाळ्याच्या रात्री गार असतात, म्हणून जानेवारी ते मार्चच्या तोडणीपर्यंत द्राक्षात आंबटपणा टिकून राहतो. आपल्याकडे ऊन लवकर चढते, व पाणी धरून ठेवणारी भारी काळी जमीन वेलीच्या मुळांस सोसत नाही. त्यात झिनफँडेलचे घड घट्ट व साल पातळ. अवेळी पाऊस आला की घड आतून कुजतो. सर्वांत मोठी अडचण विक्रीची. खाण्याचे द्राक्ष बाजारात कोणीही घेतो. वाइनचे द्राक्ष लहान, बियांचे व जाड रसाचे असल्याने वायनरीवाचून त्यास गिऱ्हाईक नाही. 2008 नंतर मंदी आली, तेव्हा नाशिक व इतर भागांतील अनेक लहान वायनऱ्या बंद पडल्या आणि शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटून टाकल्या. तेव्हा लेखी करार हाती असल्यावाचून, आणि पुण्याजवळील मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र व अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ ह्यांचा सल्ला घेतल्यावाचून कोणी एक ओळही लावू नये.

सारांश, झिनफँडेल ही ना अमृत, ना नुसता द्राक्षाचा रस. ती 14 टक्क्यांची दारू आहे आणि भरीत-भाकरीबरोबर तिची चव खरोखर चांगली लागते. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. ज्यास परवाना व प्रकृती दोन्ही अनुकूल आहेत, त्याने ती घ्यावयाचीच असेल तर पोटात अन्न घालून, गार करून, एकच ग्लास घ्यावी. आमच्या घरी आता नियम असा आहे, की एका बाटलीचे पाच ग्लास होतात, म्हणून पाच घेणारे असल्याखेरीज बाटली उघडावयाची नाही. आणि उघडण्यापूर्वी त्या दिवशी पंक्तीस कोण कोण आहे, ते पाहावयाचे. उरलेली अर्धी बाटली पुतणे परत घेऊन गेले. अंबाडीची बोंडे मात्र यंदा आम्ही जास्त वाळवून ठेविली आहेत.